चाईल्डमाइंडिंग : मुलांच्या शिकण्याची निरीक्षणं लिहायची कशी आणि किती?

पिंपळपान (स्लाउ)

नमस्कार मंडळी. इंग्लंडात स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत चाईल्डमाइंडर इथे बऱ्याच जणी आहेत, म्हणून इथेच विचारते. सध्या माझ्याकडे तीन मुलं आहेत : अकरा महिन्यांचं बाळ, सव्वादोन वर्षांचा मुलगा स. (घरी मराठी, इंग्रजी जेमतेम) आणि साडेतीन वर्षांची मुलगी.

माझी नोंद साधारण अशी असते : "स. आज ठोकळ्यांशी खेळला. खूप मजा आली. एकाग्रता छान. हाताच्या बारीक स्नायूंचा विकास होतो आहे. पुढची पायरी : असंच प्रोत्साहन देत राहणे."

अशा नोंदींचा गठ्ठा साठलाय. पण स.ची दोन वर्षांची तपासणी लिहायला घेतली तर त्यातून कामाचं काहीच हाती लागत नाही. शिवाय एकीने महिन्यांच्या टप्प्यांचा जुना तक्ता दिलाय, १६ ते २६ महिने, २२ ते ३६ महिने असा. त्यात प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आणि तारीख घालायची. तो भरायलाच हवा का? ऑफस्टेडला (आपल्याला तपासायला येणारी सरकारी संस्था) नेमका किती कागद लागतो? स. जे मराठीत बोलतो ते लिहायचं कसं? आणि फोटो फोनवर काढले तर चालतात का? सगळं एकदमच विचारतेय, सांभाळून घ्या.

डबाऐसपैस

ताई, तुमची नोंद कुठल्याही मुलाला लावता येते, खरी अडचण ती आहे. नाव झाकून आईला वाचायला दिली तर तिला आपलं पोर ओळखू यायला हवं. त्याच पाच मिनिटांची नोंद अशी होईल :

"स., २ वर्षं ३ महिने. मंगळवार, सकाळी १०.२०. बैठकीची चटई, लाकडी ठोकळे, एकटाच. चार ठोकळे एकावर एक. पाचवा ठेवताना डाव्या हाताने बुरूज धरला. कोसळला. 'पल्ला!' माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या खेपेला टोपलीतून सगळ्यात रुंद ठोकळा शोधून तळाशी ठेवला. सहा झाले. सातवा हातात घेतला, बुरुजाकडे पाहिलं, खाली ठेवला. (स्व)"

पन्नासएक शब्द आहेत. "मजा आली" कुठेही नाही, पण हसला ते आहे. "एकाग्रता" नाही, पण बुरूज पडल्यावर तो उठून गेला नाही हे दिसतं. शेवटचा "स्व" म्हणजे स्वतःहून. मदतीने केलं तर "म", दुसऱ्याचं बघून केलं तर "न". हे एक अक्षर विसरू नका. तुम्ही तळाचा ठोकळा हातात दिला असता तर याच नोंदीचा अर्थ पार बदलला असता, आणि महिन्याभराने ते कुणाच्या लक्षात राहतं?

याच्याखाली, वेगळ्या ओळीत, तुमचा अर्थ : "बुरूज का पडतो हे त्याला उमगायला लागलंय. पाया बदलून पाहिला." पाहिलेलं आणि वाटलेलं यांत एक ओळ मोकळी सोडा. दोन्हींची खिचडी झाली की पुढे आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो.

मग पुढे काय करायचं. "प्रोत्साहन देत राहणे" ही पायरी नाही, ते तुम्ही एरवीही करणारच. पायरी म्हणजे उद्या चटईवर काय वेगळं असेल आणि तुमच्या तोंडी काय वेगळं असेल. उदा. "टोपलीत खोक्यांची झाकणं आणि गुळगुळीत चपटे दगडही ठेवायचे. तो रचत असताना 'खाली मोठा, वर छोटा', 'हलतंय', 'नीट बसलं' हे शब्द दोन्ही भाषांत वापरायचे. मध्ये हात घालायचा नाही." आठवड्याभराने त्याच कागदावर लिहा, झालं काय. काही झालं नाही तर तेही लिहा.

लिहिण्याच्या वेळेबद्दल. मूल खेळत असताना वही घेऊन शेजारी बसू नका, ते खेळ सोडून वहीकडे येतं. खिशात बोटभर पेन्सिल आणि छोटी चिठ्ठी ठेवा. तिथल्या तिथे फक्त तीन गोष्टी टिपा : वेळ, मूल जे बोललं ते शब्द जसेच्या तसे, आणि आकडे (किती ठोकळे, कितव्यांदा). बाकीचं दुपारी मुलं झोपली की. शब्द मात्र लगेच लिहा. संध्याकाळपर्यंत "पल्ला"चं आपण "पडला" करून टाकतो, आणि त्याला ड म्हणता येतो की नाही हेच नोंदीतून निघून जातं.

ही पाच विशेषणं नोंदीतून काढूनच टाका : हुशार, हट्टी, लाजाळू, छान, चंचल. "नेहमी" आणि "कधीच नाही" हे दोन शब्दही. "हट्टी"च्या जागी काय घडलं ते लिहा : "बूट स्वतः घालायचा होता. मी पट्टी लावायला गेले तर पाय ओढून घेतला. चार मिनिटं प्रयत्न, एक पट्टी लागली." आता यात हट्टी कुठे दिसतो?

खाडाखोड (लेस्टर)

कागदपत्रांचं सांगते.

जानेवारी २०२४ पासून ईवायएफएसच्या (जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सांभाळाचे आणि शिकण्याचे नियम) वैधानिक आराखड्याची चाईल्डमाइंडरांसाठी वेगळी प्रत आहे. त्यानंतरही दुरुस्त्या झाल्यात, तेव्हा कुणी पाठवलेली पीडीएफ न वापरता गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावरची ताजी प्रत उघडा. मूल्यमापनाचा भाग छोटाच आहे, स्वतः वाचा. त्याचा मथितार्थ असा : मुलांना पाहा, त्यांना काय येतं आणि कशात रस आहे ते समजून घ्या, त्यावरून पुढचं ठरवा. त्यासाठी मुलांपासून फार वेळ दूर राहावं लागू नये आणि कागदांचा भार होऊ नये. मूल अपेक्षित पातळीवर आहे का हे तुम्ही मुलाच्या ओळखीवरून आणि स्वतःच्या जाणकारीने ठरवायचं, त्यासाठी पुरावे गोळा करून दाखवायची सक्ती नाही.

थोडक्यात, आठवड्याला इतक्या नोंदी हव्यात, असा आकडा कुठेही नाही. ऑफस्टेडही ठरावीक नमुन्यातली फाईल मागत नाही. निरीक्षक विचारतात ते वेगळं : या मुलाला आत्ता काय येतं? तुम्ही त्याच्यासोबत आत्ता कशावर काम करताय? तेच का? तुमच्याकडे आला तेव्हा तो कुठे होता? याची उत्तरं वही न उघडता देता आली पाहिजेत. वही त्या उत्तरांची तयारी आहे. निरीक्षक मुलाशी तुम्ही कसं बोलता हेही बसून पाहतात, आणि तिथे जाडजूड फाईल कामाला येत नाही.

लेखी लागतंच, ते दोन ते तीन वर्षांच्या दरम्यानच्या तपासणीसाठी. त्यात पालकांना छोटा लेखी सारांश द्यावा लागतो. तीन मूळ क्षेत्रं आलीच पाहिजेत : संवाद आणि भाषा, शारीरिक विकास, आणि व्यक्तिगत-सामाजिक-भावनिक विकास. उरलेली चार, म्हणजे साक्षरता, गणित, भोवतालच्या जगाची समज, कला आणि रचना, यांतलं सांगण्यासारखं असेल तर घाला. मुलाची बलस्थानं लिहा, कुठे अपेक्षेपेक्षा मागे वाटतंय ते लिहा, आणि चिंता वाटण्यासारखं काही असेल तर पुढे काय करणार हेही. मूल दोन ठिकाणी जात असेल तर जिथे जास्त वेळ असतं त्यांनी ती लिहायची, अशी साधारण रीत आहे. रिसेप्शन वर्षाच्या (शाळेचं पहिलं वर्ष) शेवटी मुलाच्या मूल्यमापनाची जी प्रोफाईल होते, ती बहुतेक वेळा शाळा करते, त्याचा ताण तुम्ही घेऊ नका.

आता तो तक्ता. महिन्यांचे एकमेकांत घुसलेले टप्पे २०१२च्या डेव्हलपमेंट मॅटर्स या मार्गदर्शक पुस्तिकेतले. नव्या डेव्हलपमेंट मॅटर्सने (२०२०, सुधारित २०२१) ते टाकून दिले आणि तीनच मोठे गट ठेवले : जन्म ते तीन, तीन-चार वर्षं, आणि रिसेप्शन. ते मार्गदर्शन आहे, सक्ती नाही, आणि त्यातल्या वाक्यांपुढे खुणा करू नका असं तेच दस्तऐवज सांगतं. खुणांनी दोन गोष्टी बिघडतात. एक, तक्त्यात आहे तेच आपल्याला दिसायला लागतं. मूल बाहुलीला समजावत असतं, आपण बघतो ते कात्री कशी धरली. दुसरं, एकदा खूण झाली की ते कौशल्य आलं असं धरलं जातं. पण आजीच्या मांडीवर बसून ओळखलेला लाल रंग नर्सरीच्या गलक्यात येईलच असं नाही. खूण एकदाच होते, येणं-न येणं महिनाभर हेलकावत असतं.

तक्ता फेकायचा जीव होत नसेल तर खाली ठेवा आणि वर्षातून तीनदा, सत्र संपताना, फक्त "काही राहून तर जात नाही ना" एवढ्यासाठी बघा.

किती लिहायचं याबद्दल माझं मत : नवीन मूल आलं की पहिले दोन-तीन आठवडे जरा जास्त, कारण सुरुवात कुठून झाली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पालकांकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या. झोपताना काय लागतं, कशाची भीती, घरात कोणकोणत्या भाषा, शी-शूसाठी मूल कुठला शब्द वापरतं. त्यानंतर दर मुलामागे पंधरवड्याला एक नीट नोंद आणि मध्ये जमतील तशा चिठ्ठ्या पुरतात. सातही क्षेत्रांना सारखं माप देऊ नका. दोनच्या आतल्या मुलाचं साक्षरतेचं पान रिकामं असेल तर काही बिघडत नाही.

एक मात्र महिनाअखेर जरूर करा. एका कागदावर उभी मुलांची नावं, आडवी ठिकाणं आणि वेळा : सकाळचा खेळ, जेवण, बाग, शाळेच्या वाटेवर, लंगोट बदलताना, घरी जायच्या आधीची अर्धी घटका. प्रत्येक नोंदीसाठी एक रेघ. बडबड्या मुलाच्या रांगेत रेघांची गर्दी आणि शांत मुलाच्या रांगेत शुकशुकाट, हे जवळजवळ प्रत्येक वहीत निघतं. आणि सगळ्या रेघा सकाळच्या खेळात. वास्तविक चाईल्डमाइंडरकडे सगळ्यात चांगलं बोलणं मोठ्या मुलांना शाळेत सोडायला चालत जाताना होतं. कचऱ्याची गाडी, गोगलगाय, बसचा नंबर. ते कुणीच लिहीत नाही.

दुभाषी_पोपट

भाषेबद्दल वरती आलेलं नाही, ते लिहितो. पत्नी या क्षेत्रात, मी बोलण्याच्या उपचारांच्या बाजूने, त्यामुळे हे प्रश्न रोजचे.

आराखडा दोन्ही सांगतो. मुलाला घरची भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी मिळेल असे प्रयत्न करा, आणि इंग्रजी चांगलं येण्यासाठी पुरेशी संधीही द्या. भाषेचं मूल्यमापन करताना इंग्रजीतली कौशल्यं पाहायची. पण इंग्रजी कच्चं असेल तर घरच्या भाषेत मूल कुठे आहे हे पालकांकडून समजून घेतल्याशिवाय "भाषा मागे आहे" असं ठरवायचं नाही. तुम्हाला मराठी येतं, ही मोठी सोय आहे. शेजारच्या पोलिश मुलासाठी हेच करायला किती खटाटोप करावा लागतो, बघा.

लिहिण्याची पद्धत : मूल बोललं ते देवनागरीत जसंच्या तसं, खाली इंग्रजीत अर्थ, तिसऱ्या ओळीत त्यातून काय दिसतं. पहिली ओळ गाळून थेट भाषांतर लिहिलं तर मुलाची निम्मी कमाई वाया जाते. समजा स. म्हणाला, "मला नको, ताईला दे." इंग्रजीत ते साधं वाक्य होतं. मराठीत त्याने दोनदा "ला" अचूक लावलाय, नकार दिलाय, आज्ञार्थ वापरलाय आणि तिसऱ्या माणसाचा विचार केलाय. तसंच "खाल्लंस?" हा एकच शब्द आहे, पण त्यात काम, काळ आणि समोरचा माणूस तिन्ही आले. म्हणून दोन शब्द जोडतो की तीन, हा इंग्रजीचा हिशेब मराठीला जसाच्या तसा लावू नका.

"मी ते ब्रेक केलं" ऐकून पालक घाबरतात, पोर गोंधळलंय म्हणून. ते गोंधळलेलं नसतं. इंग्रजी शब्द घेऊन त्याला मराठीचं "केलं" नीट जोडलंय. तसंच दिवसभर आईच्याच सहवासात असलेला मुलगा "मी जाते" म्हणतो. ही चूक नोंदवा पण चिंतेच्या खाली नको, तो ऐकतो ते बोलतो एवढंच ते सांगतं. तुम्ही "हो, तू जातोस" म्हणून पुढे जा, "जातो म्हण, जातो म्हण" असा धोशा नको.

शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले एकत्र मोजा. "भूभू", "माऊ", "पापा" हेही शब्दच.

समजतं किती, हे पाहताना एक चूक सर्रास होते. आपण म्हणतो "चप्पल आण" आणि बोट दाखवतो, नाहीतर नजर तरी तिकडे जाते. मूल चप्पल आणतं, आपण लिहितो "सूचना समजते". त्याला बोट समजलं, शब्द समजला की नाही कोण जाणे. एकदा हात मांडीवर ठेवून, मुलाच्याच चेहऱ्याकडे बघत, चप्पल आणि टोपी दोन्ही दाराशी असताना सांगून पाहा. कुठल्या भाषेत सांगितलं तेही नोंदवा.

नवीन भाषेच्या घरात आलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने, त्या भाषेत गप्प राहू शकतं. तेव्हा "बोलत नाही" हे दोनच शब्द लिहून थांबू नका. काय करतं ते लिहा : बोट दाखवतं का, हात धरून फ्रिजकडे नेतं का, गाण्यात हातवारे करतं का, दुसऱ्या मुलांचे ओठ निरखतं का. मात्र मूल घरीही गप्प असेल, दोन्ही भाषांत हाकेला वळत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळायला लागले असतील, तर "दोन भाषा आहेत, होईल हळूहळू" म्हणत बसू नका. दोन भाषांमुळे हे होत नाही. पालकांशी त्याच आठवड्यात बोला, हेल्थ व्हिजिटरकडे (लहान मुलांचं आरोग्य पाहणारी परिचारिका) जायला सांगा, ऐकण्याची तपासणी झाली आहे का ते विचारा.

पालकांना "घरी किती बोलतो?" विचारलं की "खूप बोलतो हो" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी : "काल संध्याकाळी त्याने स्वतःहून काय मागितलं? कुठल्या शब्दांत?" "आजी फोनवर असली की काय बोलतो?" याची उत्तरं तारीख घालून तशीच उतरवा, शेजारी "आईने सांगितलं" असं लिहून.

दोन वर्षांच्या सारांशातला भाषेचा परिच्छेद एवढाच पुरे :

"स. मराठीत तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो ('बाबा गाडीत बसून गेला'). इंग्रजीत 'मोर', 'नो', 'माय टर्न' हे स्वतःहून वापरतो आणि रोजच्या सूचना हातवाऱ्यांशिवाय समजतात. आई सांगते, घरी आजीला दिवसभराचं सांगतो. दुसऱ्या मुलांशी इंग्रजीत अजून बोलत नाही, वस्तू पुढे करून खेळायला बोलावतो. पुढे : जेवताना आणि बागेत मी आधी मराठीत, मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यात म्हणेन. घरी मराठीच चालू ठेवावं."

शेवटचं वाक्य पालकांसाठी मुद्दाम. "इंग्रजी यावं म्हणून आम्हीही घरी इंग्रजीच बोलायला लागलो" हे इथल्या मराठी घरांत फार होतं, आणि त्यात मुलाच्या हातून भरघोस मराठी जातं, बदल्यात मोडकं इंग्रजी येतं.

हा सारांश पालकांनी दोन ते अडीच वर्षांच्या हेल्थ व्हिजिटरच्या तपासणीला लाल पुस्तकासोबत (मुलाच्या आरोग्याच्या नोंदींची वही) न्यावा. तुम्ही परस्पर पाठवणार असाल तर आधी पालकांची संमती घ्या.

खाडाखोड (लेस्टर)

फोटोंचं राहिलं, ते थोडक्यात. फोन, कॅमेरा आणि फोटो काढणारी इतर उपकरणं तुमच्या घरात कशी वापरली जातात, हे तुमच्या सेफगार्डिंग (मुलांच्या सुरक्षिततेच्या) धोरणात असायलाच हवं. घरातल्या इतर माणसांचे फोनही त्यात येतात. मुलांची माहिती किंवा फोटो डिजिटल ठेवत असाल तर आयसीओकडे (माहितीच्या गोपनीयतेवर लक्ष ठेवणारी संस्था) नोंदणी आणि वार्षिक फी. संमती लेखी आणि वेगवेगळी : तुमच्या नोंदीसाठी, दुसऱ्या मुलाच्या नोंदीत मागे दिसण्यासाठी, आणि जाहिरातीच्या पानासाठी. एकीला हो म्हणजे तिन्हींना हो नव्हे.

खरी गोची होते ती आपोआप होणाऱ्या बॅकअपची. मुलाचा फोटो तुमच्या खासगी क्लाउडवर जातो, तिथून घरच्या टीव्हीवर स्लाइड शोमध्ये येतो. शक्यतो कामासाठी वेगळा टॅबलेट ठेवा, त्यावर बॅकअप बंद. टॅपेस्ट्रीसारखं नोंदी ठेवायचं अॅप वापरत असाल तर फोटो चढवला की उपकरणावरून लगेच उडवा. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप ही निरीक्षणाची जागा नाही, तिथे एकाचं मूल दुसऱ्याला दिसतं.

आणि फोटो म्हणजे नोंद नव्हे. चेहऱ्याऐवजी हातांचा काढा. पेन्सिल कशी धरली, पाणी ओतताना दुसरा हात कुठे होता, हे त्यात दिसतं, आणि ओळख पटण्याचाही प्रश्न कमी. खाली दोन ओळी नसतील तर तीन महिन्यांनी तो नुसता गोड फोटो उरतो.

रांगोळी_ठिपके (पुणे)

मी इंग्लंडातली नाही, पाळणाघर चालवते. आमच्याकडे "जेवला, झोपला, रडला नाही" एवढंच सांगायची पद्धत. पण धागा वाचून एक विचारते : अकरा महिन्यांच्या बाळाचं लिहायचं काय? ते तर प्रत्येक वस्तू तोंडात घालतं आणि फेकतं.

डबाऐसपैस

तेच लिहायचं, फक्त बारकाईने. बाळाच्या बाबतीत एक लांब नोंद दहा छोट्या नोंदींपेक्षा कामाची. दहा मिनिटं, बाळाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना.

बुटक्या, न कलंडणाऱ्या टोपलीत घरातल्या वस्तू ठेवा. एलिनोर गोल्डश्मीडने बसत्या बाळांसाठी सुचवलेली खजिन्याची टोपली ती हीच, आणि तिच्यात प्लॅस्टिक घालायचं नसतं. स्टीलची वाटी, लाकडी चमचा, छोटं लाटणं, पितळी झाकण, सुती फडकं, नारळाच्या काथ्याचा ब्रश, मोठं लिंबू. घशात अडकेल, तुटेल, सुटेल, रंग जाईल असं काहीही नको. काथ्याचे धागे सुटत नाहीत ना, हे दर वेळी ओढून पाहा. तुम्ही हाताच्या अंतरावर बसा आणि बोलू नका. "बघ बघ, वाटी!" म्हटलं की बाळ वाटीऐवजी तुमच्याकडे बघतं आणि निरीक्षण तिथेच संपतं.

मग पाहा : आधी कशाकडे हात गेला. एका हातातून दुसऱ्या हातात घेतं का. दोन वस्तू एकमेकींवर आपटून आवाज आला तर थांबून पुन्हा तसंच करतं का. तोंडात घातलं ते ओठांनी, जिभेने की हिरड्यांनी. वस्तू फडक्याखाली गेली तर फडकं ओढतं की विसरतं. वाटी फेकल्यावर नजर वाटीमागे जाते, की तुमच्याकडे? पहिल्यात बाळ वस्तूचं शिकतंय, दुसऱ्यात तुमचं. "फेकतं" या एका शब्दात दोन्ही गाडले जातात. फेकणं बरेच दिवस चालू राहिलं तर हीच बाळाची सध्याची शोधमोहीम समजा, आणि फेकायला मऊ चेंडू, उतरती फळी, मोजे असं काही द्या. "फेकू नको"च्या पाट्या लावून ते थांबत नाही.

मिनिटं लिहा. "११.०५ ते ११.०९ फक्त वाटी आणि चमचा." चार मिनिटं एकाच जोडीवर, हे अकरा महिन्यांच्या बाळाबद्दल कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त सांगतं.

पिंपळपान (स्लाउ)

सगळ्यांचे आभार, तक्ता माळ्यावर गेला. आज जेवणाच्या वेळी साडेतीन वर्षांच्या न.ची नोंद केली, तपासून द्याल का?

"न., ३ वर्षं ६ महिने. दुपारी १२.१०, जेवणाचं टेबल. ताटल्या मांडत होती. बोट लावून 'एक, दोन, तीन, चार'. मी विचारलं, किती ताटल्या? पुन्हा बोट लावून एकपासून 'एक, दोन, तीन, चार' मोजलं. पुन्हा विचारलं, पुन्हा मोजलं. (स्व) अर्थ : चारपर्यंत मोजता येतं. पुढे : पाच आणि सहा शिकवणे."

डबाऐसपैस

नोंद उत्तम. दोनदा विचारून दोन्ही वेळा काय झालं ते लिहिलंत, म्हणून तर पुढचं सांगता येतंय. फक्त "स्व"च्या जागी "स्व, मग माझा प्रश्न" करा.

अर्थ आणि पुढची पायरी मात्र खोडा. "किती?" विचारल्यावर ती आकडा सांगत नाही, पुन्हा मोजते. प्रत्येक ताटलीला एक शब्द हे तिला जमलंय, पण शेवटचा शब्द म्हणजेच सगळ्या ताटल्या, हे अजून बसलेलं दिसत नाही. अशा वेळी पाच-सहा शिकवलं तर ती सहापर्यंत म्हणेल आणि "किती?"ला पुन्हा एकपासून सुरू करेल.

एका प्रसंगावरून पक्कं समजू नका. काही मुलं मोठ्यांनी पुन्हा विचारलं म्हणजे आपलं चुकलं असं धरून पुन्हा मोजतात. म्हणून उद्या "मोज" म्हणू नका आणि "किती"ही विचारू नका. तुम्ही टेबलाशी बसा, चमचे स्वयंपाकघरात सात-आठ असू द्या आणि सांगा, "तीन चमचे आण." तीन आणले, मूठभर आणले की सगळेच उचलून आणले, तेवढंच लिहा. मूठभर आणले तर तीन जणांना एकेक वाटायला सांगा आणि उरलेल्यांचं ती काय करते ते पाहा. तीन जमलं तर परवा चार.